शॉकअपमधलं तेल

फलटणहून दहिवडीच्या रस्त्याला लागलं, की कोळकी संपता संपता ऊस विरळ होत जातो. दुधेबावीच्या पुढे महादेवाच्या डोंगराची रांग आडवी येते. मोगराळ्याचा घाट चढला की माण तालुका. खाली नीरेचं खोरं आणि कालव्याचं पाणी, वर कुसळं, मेंढरं आणि वारा. मोटरसायकलवरून जाणाऱ्याला हा बदल डोळ्यांच्या आधी मनगटांत कळतो. डांबर कुठे संपलं, खडी कुठे उघडी पडली, मोरीचा सांधा कुठे खचलाय, हे सगळं पुढच्या चाकातून वर चढतं आणि हँडलातून हातात येतं. मधे दोन नळ्या आहेत म्हणून ते हातांना सोसवतं.

या नळ्यांना आमच्याकडे शॉकअप म्हणतात. त्यांच्यात तेल असतं. इंजिनाचं ऑइल वेळच्या वेळी बदलणारी, चेनला ग्रीस लावणारी, हवा तपासल्याशिवाय गाडी बाहेर न काढणारी काटेकोर माणसं मी पाहिली आहेत. शॉकअपमधलं तेल बदलणारा माणूस मात्र विरळा. सील फाटून नळीवरून तेलाचा ओघळ आला, तरच ती नळी उघडली जाते. ओघळ आला नाही, तर कारखान्यात भरलेलं तेल गाडी भंगारात जाईपर्यंत आत राहतं.

आमच्या नानांच्या स्प्लेंडरमध्येही ते तसंच राहिलं होतं.

नाना गायी-म्हशींना कृत्रिम रेतन करायचे. गिरवी, सासकल, ताथवडा, दुधेबावी, कधी घाट चढून बिजवडीपर्यंत त्यांची फेरी असे. वस्त्यांवर सगळे त्यांना डॉक्टरच म्हणत. सकाळी गाय माजावर दिसली तर संध्याकाळी भरवायची, संध्याकाळी दिसली तर दुसऱ्या दिवशी सकाळी, असा त्या कामाचा नियम. वेळ टळली की गाय पुन्हा माजावर यायला 21 दिवस. दोन गायींवर घर चालवणाऱ्याला ते 21 दिवस फार जड जातात. म्हणून निरोप आला की नाना ताटावरून उठत. पावसातही निघत.

गाडीच्या कॅरिअरला, गोणपाटात गुंडाळून ट्यूबच्या पट्ट्यांनी आवळलेला, नायट्रोजनचा कॅन असे. आत उणे 196 अंशांचा द्रव, आणि त्यात बुडालेल्या बारीक काड्या. एका काडीत पाव मिलिलीटर वीर्य. कॅन बाहेरून दणकट दिसतो, पण त्याची घडण नाजूक आहे. बाहेरच्या भांड्याच्या आत दुसरं भांडं, दोघांच्या मधे निर्वात पोकळी, आणि आतलं भांडं नुसतं मानेला टांगलेलं. सततचे दणके बसले, कॅन आपटला, की मान दुखावते. पोकळीत हवा शिरते, कॅनच्या अंगावर दंव धरतं आणि आतला नायट्रोजन बघता बघता उडून जातो. मग काड्या निकामी. नाना संध्याकाळी घरी आले की हातपाय धुण्याआधी कॅनमध्ये लाकडी पट्टी बुडवून, तिच्यावर दंव कुठवर आलंय ते बघत. तेवढा वेळ घरात कोणी त्यांच्याशी बोलत नसे.

त्या कॅनचा आणि त्यातल्या पाव पाव मिलिलीटरचा भार अखेर कोणावर होता? मागे दोन शॉकअप, पुढे दोन नळ्या. त्यांच्यात किती स्प्रिंगा आणि किती तेल आहे, याचा विचार आमच्या घरात कोणी केला नव्हता.

शॉकअप म्हटलं की लोकांच्या डोळ्यांपुढे स्प्रिंग येते, कारण मागच्या शॉकअपची स्प्रिंग उघड्यावर दिसते. पण धक्का संपवणं स्प्रिंगेच्या हातात नसतं. स्प्रिंग दबते, जेवढं घेतलं तेवढं साठवते आणि क्षणात जवळजवळ सगळं परत करते. नुसत्या स्प्रिंगांवर गाडी उभी केली, तर एका खड्ड्यानंतर ती बराच वेळ खालीवर होत राहील आणि चाक रस्ता सोडून उडेल. तिला आवरतं ते तेल. पुढच्या नळीत एक नळी दुसरीत सरकते, आणि सरकताना तेलाला बारीक भोकांतून वाट काढावी लागते. सावकाश दाबाल तर ते निमूट वाट देतं, एकदम दाबाल तर अडून बसतं. दाबाचा वेग जितका जास्त, तितका तेलाचा विरोध जास्त. दबलेली स्प्रिंग वर उसळायला निघते तेव्हा तर ते तिला आणखीच रोखून धरतं. एवढ्या ओढाताणीत धक्क्याची ताकद जाते कुठे, तर उष्णतेत. 1840 च्या दशकात जेम्स ज्यूल या इंग्रज शास्त्रज्ञाने वरून वजन खाली सोडलं, त्या वजनाने पाण्यातली पाती फिरवली आणि पाणी किती तापतं ते मोजलं. वजन पडलं की द्रव घुसळला जातो, आणि घुसळला की तापतो. मोगराळ्याच्या घाटात प्रत्येक खड्ड्याला हेच घडत होतं. रस्ता आपटत होता, तेल घुसळलं जात होतं, थोडं तापत होतं आणि नळीवरून जाणारा वारा ती ऊब घेऊन जात होता.

चैत्रात शिखर शिंगणापूरच्या यात्रेला मुंगी घाटातून कावडी चढतात. तेल्या भुत्याची मानाची कावड वर जाताना ज्यांनी पाहिली आहे, त्यांना माझं म्हणणं पटेल. वाट नव्हेच ती, नुसता खडक. माणसांनी एकमेकांना धरून साखळी केलेली, खांद्यावर कावडीचा भार. कावड डोलते, हेलकावे खाते, पण पडत नाही. खांदा घट्ट असतो आणि गुडघे सैल. हेलकावा शेकडो गुडघ्यांत वाटला जातो आणि तिथेच जिरतो. तेल करतं ते हेच.

नानांचे गुडघे गेले त्याच सुमाराला गाडीही बिघडत गेली होती. बिघडली म्हणण्यासारखं काही दाखवता येत नव्हतं. ओघळ नव्हता, आवाज नव्हता. पुढचा ब्रेक दाबला की गाडी नाक खुपसायची. गतिरोधक ओलांडला की एकदा खालीवर होऊन थांबायचं, ते दोन-तीनदा व्हायचं. वळणावर खडी आली की हँडल थरथरायचं. तेल एका दिवसात बिघडत नाही, म्हणून चालवणाऱ्याला कळत नाही. त्याचे हात रोज थोडं थोडं जुळवून घेतात. नाना म्हणायचे, "गाडी थकली गं आता." मला ते मान्य नव्हतं. इंजिन पहिल्या किकला सुरू होत होतं. थकलं होतं ते फक्त तेल.

आमच्या अंगणात, कडुनिंबाखाली, ते बदलायचं ठरलं. घरी करता येण्यासारखं काम आहे, फक्त क्रम चुकवायचा नाही. गाडी डबल स्टँडवर घेतली, इंजिनाखाली लाकडी ठोकळे देऊन पुढचं चाक अधांतरी केलं. नाना ओसरीवर खुर्ची टाकून बसले होते. गाडी उघडण्याचं काम त्यांनी आयुष्यभर गॅरेजवर सोपवलं होतं, पण बघून बघून त्यांना सगळं पाठ होतं.

"आधी वरचे नट सैल कर, मग बाकीचं," ते म्हणाले. "नळी बाहेर काढल्यावर तुला धरायला काय राहतंय?"

बरोबर होतं. नळी गाडीत आवळलेली असतानाच तिच्या डोक्यावरचा नट सैल करायचा. सैल करायचा, काढायचा नाही, कारण त्याच्याखाली दबलेली स्प्रिंग असते. मग ब्रेकची केबल, मीटरची केबल, एक्सल, चाक, मडगार्ड. शेवटी क्लॅम्पचे बोल्ट सैल केले, की नळी हाताने पिळत पिळत खाली ओढायची. अनेक वर्षांचा गंज आणि धूळ असल्यावर ती सहज येत नाही. धीर धरावा लागतो, हातोडी लांब ठेवावी लागते. नळी हातात आल्यावर नट पूर्ण काढताना तळवा वरून दाबून ठेवायचा आणि तोंड बाजूला करायचं. सुटताना स्प्रिंग वर उसळतेच.

स्प्रिंग काढून नळी घमेल्यात उलटी केली. आधी काहीच आलं नाही. मग एक जाड, राखाडी धार लागली. तिच्यावर ॲल्युमिनियमची बारीक चमक होती, नळ्या एकमेकींवर घासून झिजलेल्या धातूची. वास कुबट, मासळी कुजल्यासारखा, अंगणभर पसरला. तळाशी गाळ होता, बोटांच्या चिमटीत घेतला तर मऊ लागणारा. नवं फोर्क ऑइल पारदर्शक असतं, हातावर घेतलं तर रेशमासारखं सरकतं. हे त्याच जातीचं होतं यावर विश्वास बसेना. आणि ते कमीही भरलं. नळी वरखाली होताना दर वेळी तेलाचा एक पातळसा पापुद्रा आतल्या नळीला, म्हणजे रॉडला, चिकटून सीलच्या बाहेर येतो, धुळीत मिसळतो, पुसला जातो. डोळ्यांना दिसेल असा ओघळ कधीच न येता तेल असं वर्षानुवर्षं घटत राहतं.

नाना खुर्चीतून उठून घमेल्याजवळ आले, वाकले आणि बराच वेळ बघत राहिले. "एवढं काळं?" एवढंच बोलले. मला मात्र त्या घमेल्यात गिरवी दिसत होती, सासकल दिसत होतं, पावसाळ्यातला ताथवड्याचा चिखल दिसत होता. नानांच्या कामाची नोंद कार्यालयाच्या रजिस्टरात असेल. किती गायी भरवल्या, किती गाभण राहिल्या. त्या गायींपर्यंत पोचण्याची नोंद या तेलात होती.

तेल किती भरायचं, याबद्दल मात्र ढिलाई चालत नाही, आणि हा भाग मला सगळ्यात सुंदर वाटतो. नळी वरून बंद असते आणि तेलाने काठोकाठ भरलेली नसते. वरच्या रिकाम्या जागेत हवा कोंडलेली असते. नळी दबली की त्या हवेलाही जागा कमी पडते. बंद जागेतली हवा निम्म्या जागेत दाबली तर तिचा दाब दुप्पट होतो, हे रॉबर्ट बॉइलने 1662 मध्ये मांडलं. म्हणजे पोलादी स्प्रिंगेच्या जोडीला हवेची एक न दिसणारी स्प्रिंग आत असतेच. ती सुरुवातीला मऊ असते आणि नळी पार खाली जायला लागली की कडक होत जाते. तेल जास्त भरलं तर हवेला जागा कमी उरते आणि शेवटचा टप्पा दगडासारखा लागतो. दाब वाढून सीलही फुटू शकतं. कमी भरलं तर खड्ड्यात नळी तळाला जाऊन आदळते. तेल आपण मोजतो खरं, पण त्या मापाने ठरते ती हवा.

या हवेवरच पुढे मोठमोठ्या गाड्या उभ्या राहिल्या. तेलाने धक्का आवरणाऱ्या सरकत्या नळ्या बीएमडब्ल्यूने 1935 मध्ये विक्रीच्या मोटरसायकलींना लावल्या. होंडाच्या 1980 च्या गोल्ड विंगला हवेचं सस्पेन्शन आलं. हार्ले डेव्हिडसनच्या लांब पल्ल्याच्या गाड्यांच्या मागच्या शॉकअपमध्ये हवा भरायला छोटा व्हॉल्व्ह असायचा. मागे माणूस बसला, सामान लादलं, की पंपाने थोडी हवा वाढवायची. त्या हवेखालीही तेलच असतं आणि तेही असंच म्हातारं होतं. हवेची अडचण ही, की घुसळण वाढली की ती तेलात मिसळते, फेस होतो, आणि फेस भोकांतून विनाविरोध निघून जातो. ख्रिश्चन द कार्बों या फ्रेंच अभियंत्याने 1953 मध्ये तेल आणि दाबाखालचा वायू यांच्यामध्ये सरकता पडदा घालून दोघांना वेगळं केलं. तो वायू बहुधा नायट्रोजन असतो. आपल्याकडे पल्सरच्या मागच्या शॉकअपला जी वेगळी डबी दिसते, तिच्यात नायट्रोजनच आहे.

हे कळलं तेव्हा मी नानांना मुद्दाम सांगितलं. ज्या नायट्रोजनला धक्का लागू नये म्हणून ते आयुष्यभर गाडी जपून चालवत आले, तोच नायट्रोजन आता दुसऱ्यांच्या गाड्यांचे धक्के झेलतो आहे. नाना हसले नाहीत. "बरंय," म्हणाले, "कामाला येतोय." आणि आत जाऊन एक जुनी सिरिंज घेऊन आले. जनावरांना कॅल्शियम द्यायची, मोठी, 50 मिलिलीटरची.

तिनेच आम्ही तेल मोजलं. गाडीगाणिक माप वेगळं असतं. सर्व्हिसच्या पुस्तकात बघून तेवढंच घ्यायचं, आणि ग्रेडही तिथलीच. पुष्कळ ठिकाणी उरलेलं इंजिन ऑइलच नळीत ओततात. त्याने गाडी चालते, पण इंजिन ऑइल या कामासाठी बनवलेलं नसतं, आणि फोर्क ऑइलची बाटली काही एवढी महाग नाही की तिथे हात आखडावा. नळी आधी थोड्या नव्या तेलाने खंगाळली, ते फेकायच्या तेलात टाकलं. मग मोजून भरलं. भरल्यावर रॉड सावकाश वरखाली करायचा. पहिले काही हात पोकळ जातात, आतून गुळगुळ आवाज येतो, बुडबुडे वर येतात. आणि मग एका हाताला एकदम वजन लागतं. तिथून पुढे प्रत्येक वेळी तेवढंच वजन, वर आणि खाली. ते वजन तळहाताला लागलं तेव्हा मला झालेला आनंद अजून आठवतो. हातात लोखंड होतं, पण ते जिवंत असल्यासारखं विरोध करत होतं.

नळी उभी, पूर्ण दाबलेली, स्प्रिंग बाहेर. अशा वेळी वरच्या काठापासून तेल किती खाली आहे, ते पट्टीने बघायचं. दुसऱ्या नळीतही तंतोतंत तेवढंच. इथे नानांनी सूत्रं हातात घेतली. सिरिंजला सलाइनची नळी जोडली, तिच्यावर खूण केली, तेल थोडं जास्त ओतायला लावलं आणि खुणेपर्यंत नळी आत सोडून वरचं तेल ओढून घेतलं. दोन्हीकडे एकच खूण, म्हणजे दोन्हीकडे एकच माप. पाव मिलिलीटरची काडी थरथर न होऊ देता वापरलेला हात तो. खूण जुळल्यावर त्यांनी सिरिंज उजेडात धरून एकदा बघितली, सवयीने.

मी हे सगळं एवढ्या आग्रहाने सांगते आहे, कारण आपल्या भागात मोटरसायकल ही हौसेची वस्तू नाही. तिच्यावर दुधाचे कॅन जातात, पेंडेची पोती जातात, बाळंतपणाला निघालेली बाई जाते, वैरणीचा भारा जातो. पालखी मार्गाचा महामार्ग चौपदरी करायला घेतला, ते चांगलंच आहे. पण वस्तीवरून त्या महामार्गापर्यंत येणारी वाट तीच आहे. ऊसतोडणीच्या हंगामात ट्रॉल्या तिला पुन्हा उखणून ठेवतात. त्या वाटेवर ब्रेक दाबल्यावर पुढचं चाक जमिनीला धरून राहणं हा जिवाचा प्रश्न आहे, आणि ते धरून ठेवणारं तेल कोणी विचारतही नाही. दोन वर्षांतून एकदा तरी ते बदलावं. रॉडवरचा चिखल वाळू न देता ओल्या कापडाने पुसावा, म्हणजे सील टिकतं. रॉडला गंजाचे बारीक खड्डे पडले असतील तर नुसतं सील बदलून उपयोग नाही. तो खड्डा नव्या सीललाही फाडणार. मागचे शॉकअप साध्या गाड्यांवर बंद डब्याचे असतात, ते घरी उघडू नयेत; वायू भरलेले तर मुळीच नाही.

गाडी जोडून झाल्यावर नानांनी हँडल धरलं, पुढचा ब्रेक दाबला आणि अंगाचा भार टाकला. पुढचा भाग खाली गेला, वर आला आणि जिथे यायचा तिथे थांबला. "हां," ते म्हणाले, आणि पुन्हा एकदा करून बघितलं. मी तिला दुधेबावीपर्यंत नेऊन आणली. गतिरोधकावर एकदाच वाकून ती सरळ झाली. वळणावरच्या खडीत हँडल गप्प होतं. खड्डे तेवढेच होते, पण कोणता किती खोल, हे आता नेमकं कळत होतं.

जुनं तेल बाटलीत भरून ठेवलं. ते गटारात ओतायचं नाही. आपली गटारं बाणगंगेला मिळतात. वापरलेलं तेल गोळा करणाऱ्यांकडे देणाऱ्या गॅरेजात ते पोचवायचं.

दोन दिवसांनी पलीकडच्या आळीतला मुलगा, जो पहाटे दूध घालायला जातो, गाडी ढकलत अंगणात आला. त्याच्या डाव्या नळीवर ओघळ होता. "ताई, नाना म्हणाले इथं होतंय." मी पाने काढायला आत गेले. बाहेर नाना त्याला सांगत होते, "आधी वरचे नट सैल कर. आणि तोंड बाजूला ठेव रे."